शेवटचा खिळा

मंडळी, कॅनडाहून येऊन आता बरेच महिने झाले. फोटो तर लेकीने सगळ्यांना पाठवलेच आहेत, आणि पुण्याच्या वन्संचा फोनवर तगादा चालूच आहे, "वहिनी, त्या काचेच्या गाडीबद्दल लिहा की!" लिहायला बसले की मात्र गाडी राहते बाजूला आणि भलतंच काही आठवत बसतं. शेवटी ठरवलं, जसं आठवतंय तसंच लिहायचं. त्यामुळे हे प्रवासवर्णन कमी आणि इतिहासाचा तास जास्त होणार आहे. बत्तीस वर्षांची सवय, जाता जात नाही. ज्यांना फक्त बर्फाचे डोंगर पाहायचे असतील त्यांनी सरळ फोटो पाहावेत!

आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून लेक-जावयाने २०२४ च्या जूनमध्ये आम्हाला हा प्रवास घडवला. गाडीचं नाव 'रॉकी माउंटेनियर'. व्हँकुव्हरहून निघायचं आणि दोन दिवसांनी रॉकी पर्वताच्या कुशीतल्या बॅन्फला उतरायचं. १९९० पासून ही गाडी एक खासगी कंपनी चालवते. तिची गंमत अशी की ती फक्त दिवसा धावते. रात्री कॅम्लूप्स नावाच्या गावी सगळ्यांना उतरवून हॉटेलात झोपवतात आणि सकाळी पुन्हा गाडीत बसवतात. कारण उघड आहे, अंधारात डोंगर दिसत नाहीत आणि लोकांनी पैसे डोंगरांचे दिलेले असतात. डबा दुमजली. वर बसायचं, तिथे छतापर्यंत काच. खाली जेवणघर, पांढऱ्या चादरीची टेबलं, कापडी रुमाल, काट्या-चमच्यांची रांग. ह्यांनी तिकिटाचे रुपये करून पाहिले आणि मग दिवसभर प्रत्येक चहाच्या कपाची किंमत काढत बसले. आलिशान गाडीची आमची कल्पना दख्खनच्या राणीच्या डायनिंग कारमधल्या टोस्ट-ऑम्लेटपाशी संपते (मी फक्त टोस्ट!). तीही राणी १ जून १९३० ला सुरू झाली तेव्हा आमच्यासारख्यांसाठी नव्हतीच. तिला तिसरा वर्ग जोडला तो १९५५ मध्ये.

सोबतीला नातू होता, वय वर्षं अकरा. आमचा दुभाषा, वाटाड्या आणि फोटोग्राफर. पुढचं सगळं त्याच्या एका प्रश्नामुळे घडलं, पण ते नंतर.

पहिल्या दिवशी गाडी फ्रेझर नदीच्या काठाने जाते. सुरुवातीला रुंद, संथ नदी, दोन्ही बाजूंना शेतं. मग होप नावाचं गाव मागे पडलं की डोंगर जवळ येऊ लागतात आणि नदी चिडते. 'हेल्स गेट', म्हणजे नरकाचं दार, नावाची जागा आहे तिथे तर ती दोन कड्यांमध्ये इतकी चेंगरली आहे की पाणी वाहताना नाही, उसळताना दिसतं. जूनचा महिना, वरचा बर्फ वितळलेला, पाण्याचा रंग आपल्या आषाढातल्या नदीसारखा. या कड्यांच्या पोटात खोबणी केल्यासारखा रूळ बसवला आहे. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला खाली पाणी. बोगद्यातून बाहेर आलं की पूल, पूल संपला की बोगदा. मी ह्यांना म्हटलं, "अहो, हा तर आपला मंकी हिलच." हे म्हणाले, "आपल्याकडे अशी खुर्ची नव्हती."

इथे थोडा इतिहास सांगायलाच हवा. १८७१ मध्ये पॅसिफिकच्या काठचा ब्रिटिश कोलंबिया प्रांत कॅनडात सामील झाला, तो एका अटीवर. पूर्वेकडून आमच्यापर्यंत रेल्वे आणा, तीही दहा वर्षांत. मधे हजारो मैलांचा ओसाड प्रदेश आणि शेवटी एकामागून एक पर्वतांच्या भिंती. दहा वर्षांत बोलणी, घोटाळे आणि सर्वेक्षणं एवढंच मुख्यतः झालं. मग १८८१ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे ही कंपनी स्थापन झाली. सरकारने तिला अडीच कोटी डॉलर आणि अडीच कोटी एकर जमीन देऊ केली. ती जमीन मुळात कोणाची होती हा प्रश्न तेव्हा करारात कोणी विचारला नाही. आपल्याकडेही रेल्वे कंपन्यांना पाच टक्के व्याजाची हमी होती आणि ती भारतीय रयतेच्या करातून भरली जायची. डोंगर फोडायला निघणाऱ्या कंपन्या स्वतःच्या खिशाला फारशी तोशीस लावून घेत नसत, मग देश कुठलाही असो.

फ्रेझरच्या या दरीतलं काम सरकारने अँड्र्यू ऑन्डरडॉन्क नावाच्या अमेरिकन कंत्राटदाराला दिलं होतं. १८८० मध्ये येल नावाच्या गावाजवळ सुरुंग उडू लागले. माणसं कमी पडत होती, म्हणून त्याने चिनी मजूर आणले. काही कॅलिफोर्नियातून, पुढे बोटी भरभरून थेट दक्षिण चीनमधून. १८८० ते १८८५ या काळात सुमारे पंधरा हजार. गोऱ्या मजुराला दिवसाला दीड ते अडीच डॉलर मिळत, चिनी माणसाला एक. त्या एका डॉलरमधून त्याने स्वतःचा तंबू, हत्यारं आणि खाणं भागवायचं. बोगद्यांची, सुरुंगांची, सगळ्यात जिवावरची कामं त्यांच्याकडे. खाणं म्हणजे भात आणि सुकवलेला मासा. भाजी-फळ नाही, त्यामुळे हिवाळ्यात स्कर्व्हीने हिरड्या सुजून माणसं जायची. कोणी स्फोटात, कोणी दरड कोसळून, कोणी नदीत. किमान सहाशे माणसं गेली असं मानलं जातं. खरा आकडा याहून मोठा असणार असं अनेक अभ्यासक म्हणतात, कारण चिनी मजुराच्या मृत्यूची नोंद ठेवणं कोणाला गरजेचं वाटत नव्हतं.

एक गोष्ट मला फार लागली. सामान वर न्यायला रस्ता अपुरा पडत होता म्हणून ऑन्डरडॉन्कने १८८२ मध्ये एक आगबोट बांधली, स्कझी नावाची. ती नरकाच्या दारातून वर न्यायची होती. प्रवाह इतका जोरदार की इंजिनाचं काही चालेना. तेव्हा कड्यांमध्ये लोखंडी कड्या ठोकल्या, दोर बांधले, आणि शे-दीडशे चिनी मजुरांनी काठावरून ओढून ती बोट वर चढवली. वाफेच्या यंत्राचा पराक्रम म्हणून जो सांगायचा तो असा माणसांच्या खांद्यांनी झालेला. मी काचेतून खाली पाण्याकडे पाहत होते आणि माझ्यासमोर कोणीतरी अदबीने गरम स्कोन आणि जॅम ठेवत होतं.

डब्यातली मुलगी माहिती छान सांगत होती, हे मुद्दाम लिहिते. चिनी मजुरांचं तिने काही झाकलं नाही, वेतनाचे आकडेसुद्धा सांगितले. पण तेवढ्यात डावीकडे गरुड दिसला आणि सगळा डबा उठून डावीकडे गेला. मीही गेले, खोटं कशाला बोलू!

पुढे लिटन गावाशी थॉम्पसन नदी फ्रेझरला मिळते. थॉम्पसन निळसर स्वच्छ, फ्रेझर गढूळ, आणि काही अंतर दोन्ही रंग शेजारी शेजारी वाहतात. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमाची आठवण झाली. हे लिटन गाव ३० जून २०२१ रोजी जवळजवळ पूर्ण जळालं. आदल्याच दिवशी तिथे ४९.६ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, कॅनडाच्या इतिहासातलं सर्वाधिक. त्यानंतर मात्र हिरवाई संपून एकदम कोरडे, पिवळे डोंगर लागतात. बर्फाच्या देशात असा माणदेश असेल असं वाटलं नव्हतं.

कॅम्लूप्स या नावाचा अर्थही संगम. तिथल्या मूळ लोकांच्या मुलांसाठी १८९० मध्ये एक निवासी शाळा निघाली होती. मुलांना आईबापांपासून दूर ठेवायचं, त्यांची भाषा बोलू द्यायची नाही, असा तिचा शिरस्ता. ती बंद झाली १९७८ मध्ये. म्हणजे मी नोकरीला लागून चार वर्षं झाली होती तेव्हापर्यंत. रात्री हॉटेलात हे वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्यानंतर क्रेगेलाकी आलं. गाव असं काहीच नाही, रुळाच्या कडेला दगडी स्मारक आणि झाडी. गाडी हळू झाली. ७ नोव्हेंबर १८८५ च्या सकाळी इथे पूर्वेकडून आलेला रूळ आणि पश्चिमेकडून आलेला रूळ जोडला गेला आणि शेवटचा खिळा ठोकला गेला. अमेरिकेतल्या रेल्वेने अशा वेळी सोन्याचा खिळा आणला होता. इथला कारभारी व्हॅन हॉर्न हा रोखठोक माणूस, त्याने साधा लोखंडी खिळाच वापरायचा ठरवलं. कंपनीचा एक मोठा भागीदार डोनाल्ड स्मिथ याच्या हातात हातोडा दिला. त्याने पहिला घाव घातला आणि खिळा वाकला! मग दुसरा खिळा आणला.

त्या क्षणाचा फोटो कॅनडातल्या प्रत्येक शाळकरी पोराने पाहिलेला असतो. मधे वाकून हातोडा धरलेला पांढऱ्या दाढीचा स्मिथ. त्याच्या मागे उंच टोपी आणि भली मोठी पांढरी दाढी असलेला सँडफर्ड फ्लेमिंग. जगभर प्रमाणवेळ असावी म्हणून खटपट करणारा तो हाच. (आपल्याकडे १९०६ मध्ये प्रमाणवेळ आली तर मुंबईने ती मानायला नकार दिला आणि स्वतःची 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत चालू ठेवली. आमचे वडील घड्याळ विचारलं की "कोणतं?" असं विचारत, त्याचं कारण मला फार उशिरा कळलं.) आणि स्मिथच्या मागून मान वर काढून पाहणारा एक पोरगेला चेहरा. तो अठरा वर्षांचा एडवर्ड मॅलंडेन. मोठ्यांच्या गर्दीत घुसून तो जो फोटोत आला तो कायमचा आला.

फोटो माहितीपुस्तिकेत होता. नातवाने तो नीट पाहिला आणि विचारलं, "आजी, इन दॅट केस, चायनीज लोक कुठे आहेत?"

त्यात चिनी माणूस एकही दिसत नाही. पुढे कुठेतरी वाचलं की बडी मंडळी गेल्यावर तिथल्या मजुरांनी आपला वेगळा फोटो काढून घेतला. तोही आहे, पण त्यातही चिनी नाहीत. त्यांचं काम संपलं होतं, त्यांना केव्हाच मोकळं केलं होतं. परत जायला भाड्याचे पैसे नाहीत अशी माणसं रुळाच्या कडेच्या गावांत विखुरली. आणि तारखा पाहा. चिनी माणसाला कॅनडात येण्यासाठी पन्नास डॉलरचा डोईकर लावणारा कायदा जुलै १८८५ मध्ये मंजूर झाला. म्हणजे शेवटचा खिळा ठोकण्याआधी तीन-साडेतीन महिने. रूळ पुरा होत आला आणि दार लावून घेतलं. पुढे तो कर शंभर डॉलर झाला, १९०३ मध्ये पाचशे झाला, आणि १ जुलै १९२३ पासून येणंच जवळजवळ बंद केलं. ती बंदी १९४७ पर्यंत होती. २२ जून २००६ रोजी कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत या डोईकराबद्दल माफी मागितली.

शेवटच्या खिळ्यानंतर नऊ दिवसांनी लुई रिएलला फाशी दिलं गेलं, हेही त्याच वेळच्या इतिहासातलं. मेटी लोकांच्या जमिनींसाठी त्याने त्या वर्षी बंड केलं होतं. दिवाळखोरीच्या काठावर असलेली ही रेल्वे त्या बंडामुळेच वाचली, कारण सैन्य झटपट पोहोचवून तिने आपली उपयुक्तता सिद्ध केली आणि सरकारने पुन्हा पैसे दिले.

नातवाच्या प्रश्नाला मी हे सगळं मराठी-इंग्रजी मिसळून सांगितलं. मला वाटलं मी बरी शिक्षिका आहे. त्यावर त्याचा दुसरा प्रश्न आला. "आणि आपल्या खंडाळ्याचा फोटो आहे का? तो कोणी बांधला?"

मी म्हटलं, "जेम्स बर्कली नावाचा मुख्य इंजिनियर होता." आणि थांबले.

खंडाळ्याचा घाट, कागदोपत्री बोरघाट, १८५६ मध्ये सुरू झाला आणि १८६३ मध्ये पुरा झाला. म्हणजे कॅनडाच्या या रेल्वेचं काम निघण्याच्या कितीतरी आधी. सुमारे पंधरा मैलांत अठराशे फुटांवर चढ, पंचवीस बोगदे, आणि चढ सदतिसास एक इतका तीव्र. बर्कली आजारी पडून विलायतेला परतला आणि घाट सुरू झालेला पाहण्याआधीच १८६२ मध्ये वारला. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल. १८५९ च्या जानेवारीत त्याच्या कामावर मजुरी थकल्यावरून मजुरांचा दंगा झाला, आणि ते काम त्याच्याकडून गेलं. मग सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच आजाराने गेला. त्याची बायको अ‍ॅलिस, तिने परत न जाता कंत्राट आपल्याकडे घेतलं आणि नेमलेल्या व्यवस्थापकांकरवी घाट पुरा केला. ही सगळी नावं मला पाठ आहेत. १८६१ च्या सुमारास या घाटात एका वेळी बेचाळीस हजारांवर माणसं राबत होती. दगडाचं काम जाणणारे वडार, देशावरची आणि कोकणातली कामाला आलेली कुटुंबंच्या कुटुंबं, पुरुष, बाया, टोपल्या वाहणारी पोरं. कॉलऱ्याच्या साथी आल्या, ताप आले, सुरुंग फुटले. या आठ वर्षांत इथे पंचवीस हजार माणसं मेली असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. फ्रेझरच्या दरीतल्या सहाशेंनी मी हळहळले होते. आणि या पंचवीस हजारांतलं एक नाव, फक्त एक, मला नातवाला सांगता आलं नाही.

खरं सांगायचं तर सांगण्यासारखं एक माणूस होतं, आणि ते मीच खोडून टाकलं होतं. हेच लिहायला इतके महिने लागले.

१९८० च्या सुमाराची गोष्ट. मी तेव्हा घाटाखालच्या एका शाळेत होते. आठवीच्या इतिहासाच्या पेपरात प्रश्न होता, 'भारतात रेल्वे कोणी सुरू केली?' गुण एक. उत्तर ठरलेलं, लॉर्ड डलहौसी. ज्यांना उत्तर येत नाही ती मुलं मोकळी जागा सोडतात किंवा शिवाजी महाराज लिहितात, हा माझा अनुभव. एका मुलीने लिहिलं होतं, 'आमच्या आजीच्या आजीने. ती घाटात दगड वाहत होती. बोगद्यात मेली.' मी लाल पेनाने त्याभोवती गोल काढला, शून्य दिलं आणि समासात लिहिलं, 'प्रश्न नीट वाचावा.' पेपर वाटले तेव्हा ती टेबलाशी आली. म्हणाली, "बाई, आजी खरंच सांगते." मी म्हटलं, "आजी सांगते ते पुस्तकात आहे का?" ती जागेवर जाऊन बसली.

मी रागावले नव्हते. हसले असेन थोडी, वर्गही हसला. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवले, झोपले, काही वाटलं नाही. एकशे वीस वर्षांची एक गोष्ट चार पिढ्यांच्या बायकांनी तोंडातोंडी सांभाळून माझ्या टेबलापर्यंत आणली होती, आणि मी ती एका गुणासाठी परत पाठवली. हिशोबाने पाहिलं तरी बरोबर बसतं. तेरा वर्षांची मुलगी, तिची आजी साधारण शतकाच्या सुरुवातीला जन्मलेली, आणि तिची आजी म्हणजे घाटाच्या काळात तरणीताठी बाई. एवढी साधी वजाबाकी मला तेव्हा सुचली नाही.

नातवाला मी यातलं काही सांगितलं नाही. तो तोवर अस्वल शोधत होता.

असो. गाडी पुढे निघाली होती. रेव्हलस्टोकनंतर रॉजर्स खिंड येते. मेजर रॉजर्स हा सर्वेक्षक, लांब मिशांचा आणि तोंडात सतत तंबाखू असणारा. त्याने १८८१ मध्ये ही वाट शोधली. कंपनीने त्याला पाच हजार डॉलरचा चेक दिला तर याने तो वटवलाच नाही, चौकट करून भिंतीवर लावला. पण या खिंडीत हिमकडे कोसळतात. ४ मार्च १९१० च्या रात्री आधी कोसळलेला बर्फ उपसणाऱ्या तुकडीवर दुसऱ्या बाजूने कडा आला आणि ५८ माणसं गेली. त्यातली ३२ जपानी मजूर. शेवटी १९१६ मध्ये खिंडीखालून आठ किलोमीटरचा बोगदा काढून रूळच डोंगराच्या पोटात नेला.

मग किकिंग हॉर्स खिंड. १८५८ मध्ये डॉक्टर हेक्टर नावाच्या संशोधकाला इथे त्याच्या घोड्याने लाथ मारली. तो मेला असं समजून सोबती पुरायच्या तयारीला लागले, तेवढ्यात तो शुद्धीवर आला! खिंडीला नाव मिळालं घोड्याचं. या खिंडीतला 'बिग हिल' नावाचा उतार म्हणजे सगळ्या मार्गातला सगळ्यात कठीण तुकडा. पैसा आणि वेळ वाचवायला कंपनीने तिथे बावीसास एक असा चढ ठेवला, म्हणजे आपल्या घाटाहूनही पुष्कळ उभा. १८८४ मध्ये तिथून उतरणारी पहिलीच बांधकामाची गाडी सुटली आणि तीन मजूर मेले. मग ठिकठिकाणी चढावर जाणारे आडवे फाटे काढले. सांधे नेहमी त्या फाट्याकडे वळवलेले. उतरणाऱ्या ड्रायव्हरने गाडी ताब्यात आहे अशी शिट्टी दिली तरच सांधेवाला मुख्य मार्ग जोडून द्यायचा. वाचताना एकदम ओळखीचं वाटलं. आपल्या घाटातल्या कॅच सायडिंगचं तत्त्व तेच.

चढ इतका उभा की जेवणाचा जड डबा वर ओढणं परवडेना. म्हणून कंपनीने डोंगरातच जेवणघरं बांधली. फील्ड गावी माउंट स्टीफन हाऊस, रॉजर्स खिंडीत ग्लेशियर हाऊस. गाडी थांबायची, लोक उतरून जेवायचे, पुन्हा बसायचे. त्या जेवणघरांची हॉटेलं झाली, हॉटेलांसाठी प्रवासी हवेत म्हणून जाहिराती झाल्या, १८९९ पासून गिर्यारोहणाला स्विस वाटाडे आणले. देखावा निर्यात करता येत नाही, तेव्हा माणसंच आयात करावीत, असं व्हॅन हॉर्नचं धोरण सांगतात. आज मी पांढऱ्या चादरीवर जेवत ज्या गाडीतून चालले होते तिचं मूळ हे, जेवणाचा डबा वर चढेना म्हणून सुरू झालेला धंदा. पुढे १९०९ मध्ये स्वित्झर्लंडमधली कल्पना घेऊन दोन वळसेदार बोगदे खोदले. गाडी डोंगराच्या पोटात शिरते, गोल फिरते आणि शिरली त्याच्याच वरून बाहेर पडते. चढ निम्मा झाला, पंचेचाळिसास एक. हे वाचून ह्यांनी ताठ बसून जाहीर केलं, "म्हणजे अजूनही खंडाळाच जास्त उभा."

एक आणखी आठवण सांगते. १८९३ च्या जुलैत याच कंपनीच्या 'एम्प्रेस ऑफ इंडिया' बोटीने योकोहामाहून एक तरुण संन्यासी व्हँकुव्हरला उतरला आणि याच रुळांवरून शिकागोच्या धर्मपरिषदेकडे गेला. स्वामी विवेकानंद. बोटीवर त्यांच्याबरोबर जमशेटजी टाटा होते. स्वामीजींकडे पुरेसे गरम कपडे नव्हते, वाटेत थंडीने त्यांचे फार हाल झाले. काचेच्या डब्यात गुडघ्यांवर गाडीवाल्यांनीच दिलेली लोकरी शाल घेऊन मी हे आठवत होते. त्यानंतर पंधराच वर्षांत, १९०८ मध्ये, 'मायदेशातून थेट प्रवास करून आलेल्यांनाच प्रवेश' असा नियम करून कॅनडाने आपल्या लोकांसाठीही दार लावलं. १९१४ च्या 'कोमागाता मारू'ची ३७६ माणसं दोन महिने व्हँकुव्हरच्या बंदरात अडकून पडली, त्यातली बहुतेक सगळी परत पाठवली गेली. आमची लेक आज तिथे नागरिक आहे.

बॅन्फला संध्याकाळी पोहोचलो. जावई गाडी घेऊन स्टेशनवर उभे होते. तिथलं राजवाड्यासारखं जुनं हॉटेल १८८८ मध्ये कंपनीने बांधलं, तेव्हा नकाशा उलटा धरला गेला आणि दरीचा सगळ्यात सुंदर देखावा मिळाला स्वयंपाकघराला, असं सांगतात. मी म्हटलं, निदान एकदा तरी भांडी घासणाऱ्यांना बरी खिडकी मिळाली!

परत आल्यावर दिवाळीत मुंबईला जायचं निमित्त निघालं. येताना मुद्दाम खिडकीची जागा घेतली. कर्जतला मागे इंजिनं लागली, वडे आले, आणि गाडी चढू लागली. या घाटातून मी किती वेळा गेले असेन त्याला गणती नाही. दर वेळी पावसाळ्यातले धबधबे पाहिले. या वेळी बोगद्यांची तोंडं पाहत गेले. काळ्या दगडांची कमान, प्रत्येक दगड टाकीने घडवलेला, टाकीचे घाव अजून दिसतात. समोरच्या बाई म्हणाल्या, "काही हरवलंय का तुमचं?"

त्या मुलीचं नाव मला आठवत नाही. बाकं आठवतात, तिसऱ्या रांगेत भिंतीकडेची बसायची, 'श' पोटफोड्या 'ष'सारखा काढायची. जुने हजेरीपट मिळतात का म्हणून त्या शाळेत फोन करून पाहिला, इतक्या मागचे ठेवलेले नाहीत. ती आता पन्नाशी ओलांडून गेली असेल, कदाचित स्वतः आजी झाली असेल.

तर इथे येणाऱ्या मंडळींना आणि आपल्या नातेवाइकांना एक विनंती. कर्जत, खोपोली, खंडाळा, लोणावळा, मावळ या भागात कोणाची ओळखपाळख असेल, किंवा कोणाच्या घरी घाटाच्या कामाची गोष्ट सांगितली जात असेल, तर ती मला लिहून पाठवा. चार ओळी असल्या तरी चालतील, अर्धवट असली तरी चालेल. पुस्तकात आहे का, हे मी विचारणार नाही. सांगणाऱ्या बाईचं नाव आणि गाव मात्र जरूर लिहा.